आकर्षण आणि दोन दारांमधील अंतर

दोन माणसे एकमेकांकडे का ओढली जातात, असे विचारले की आपण चटकन रूप, स्वभाव आणि जुळणाऱ्या आवडीनिवडी यांची नावे घेतो. या गोष्टींना महत्त्व आहेच. परंतु ती माणसे मुळात एकमेकांच्या नजरेस किती वेळा पडली, हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

लिऑन फेस्टिंजर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या संशोधकांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या वसाहतीचा अभ्यास केला आणि तो १९५० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर शिक्षणाकडे वळलेले विवाहित माजी सैनिक तेथे कुटुंबासह राहत असत. घर निवडण्याची मुभा नव्हती, जे रिकामे होईल ते मिळे. म्हणजे शेजार हा निव्वळ योगायोग होता. दुमजली इमारतींमध्ये प्रत्येक मजल्यावर एका ओळीत पाच घरे होती. तुमचे कोणाकडे अधिक जाणे-येणे असते, असे रहिवाशांना विचारले असता, एकाच मजल्यावरील लगतच्या शेजाऱ्यांपैकी ४१ टक्के जणांची नावे घेतली गेली, तर मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांच्या बाबतीत हे प्रमाण १० टक्क्यांवर आले. हे अंतर शंभर फुटांचेही नव्हते! त्याहून मला विलक्षण वाटते ती जिन्याची गोष्ट. तळमजल्यावर जिन्यालगत ज्यांचे दार होते, त्यांची वरच्या मजल्यावरील लोकांशी इतर तळमजलेकरांपेक्षा अधिक मैत्री झाली, कारण वर राहणारा प्रत्येक जण येता-जाता त्यांच्या दारावरूनच जात असे. टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांनाही असाच लाभ झाला.

ही मैत्रीची कथा झाली, आकर्षणाची नव्हे, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर पिट्सबर्ग विद्यापीठातील मोरलँड आणि बीच यांच्या १९९२ सालच्या प्रयोगात मिळते. दिसायला साधारण सारख्या अशा चार तरुणींपैकी एक विद्यापीठातील एका वर्गात कधीच गेली नाही आणि उरलेल्या तिघी अनुक्रमे ५, १० आणि १५ तासांना जाऊन बसल्या. त्या कोणाशी एक शब्दही बोलल्या नाहीत. तास सुरू होण्यापूर्वी आत यायचे, सर्वांना दिसेल अशा जागी पुढे बसायचे आणि तास संपला की निघून जायचे, एवढेच त्यांचे काम होते. सत्राच्या अखेरीस विद्यार्थ्यांना चौघींच्या प्रतिमा दाखवल्या, तेव्हा जिच्या फेऱ्या अधिक, ती अधिक आकर्षक ठरली. विशेष म्हणजे, हिला आपण ओळखतो, अशी जाणीव विद्यार्थ्यांना फारशी झालेली नव्हती.

याचा अर्थ सहवास वाढला की प्रेम वाढतेच, असा मात्र नाही. कॅलिफोर्नियातील एका वसाहतीत एबेसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले, की रहिवाशांना न आवडणारी माणसेसुद्धा जवळपासच राहणारी होती. गोंगाट आणि अस्वच्छता यांचा त्रास शेजाऱ्यालाच होतो, दूरच्याला नाही. जवळीक भावनेला संधी देते. ती भावना ओढीची होईल की तिटकाऱ्याची, हे त्या माणसांच्या वागण्यावर ठरते.

म्हणूनच ठरवून होणाऱ्या लग्नांतील कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाविषयी मला मनापासून काही सांगावेसे वाटते. सर्वांचे डोळे रोखलेले असताना, तासाभराच्या एकाच भेटीत मुलामुलीने ‘पसंत आहे का’ याचे उत्तर द्यावे, ही अपेक्षा आकर्षण ज्या गतीने वाढते त्या गतीशीच विसंगत आहे. पहिल्या भेटीत मनात काहीच हलले नाही, तर त्याचा अर्थ नकार असा लावू नये. आणि मनात खरोखर विरोध उमटला असेल, तर ‘भेटत राहा, आवडेल हळूहळू’ असे सांगून तो दडपूही नये. या दोन स्थितींमधला फरक तरुणांना शांतपणे ओळखता यावा, म्हणून वडीलधाऱ्यांनी त्यांना घाईचे उत्तर न मागता आणखी दोन-चार मोकळ्या भेटी घेऊ द्याव्यात.