आमची वाटचाल: खोकं पॅक करणाराच सही करणार

धोकादायक माल परदेशी पाठवायचा असेल तर त्याचं वर्गीकरण, पॅकिंग, मार्किंग, लेबलिंग आणि डिक्लेरेशन, म्हणजे मालात काय आहे याचं सही केलेलं जाहीरपत्र, हे सगळं आमची फर्म करून देते. विमानाने आणि जहाजाने, दोन्ही. रंग, थिनर, रेझिन, सुगंधी द्रव्यं, प्रयोगशाळेची रसायनं, लिथियम बॅटऱ्या, ड्राय आइसमध्ये जाणारे नमुने. डीजीचं, म्हणजे धोकादायक मालाचं (डेंजरस गुड्स), काम घेणारे फॉरवर्डर आणि एजंट भरपूर आहेत, पण माल स्वतः हाताळून, झाकण स्वतः आवळून मग सही करणारे थोडे. आम्ही त्या थोड्यांतले. याच हट्टापायी फर्म एकदा बंद पडायच्या बेताला आली होती, आणि ज्यांनी ती वेळ आणली त्यांनी आजवर चकार शब्द काढलेला नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

सुरुवात दोघांची. माझे भागीदार वयाने मोठे, त्यांना सगळे काकाच म्हणतात. ते आधी कार्गो ॲक्सेप्टन्सच्या काउंटरला होते. चेकलिस्ट हातात घेऊन लोकांची खोकी परत पाठवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे माल कुठे अडकणार हे त्यांना लांबूनच कळायचं. मी निर्यातीच्या कागदपत्रांतला. त्या काळी दोन्ही कडांना लाल तिरप्या पट्ट्या असलेला कोरा फॉर्म घेऊन डिक्लेरेशन टाइप करायचं. आधी यूएन नंबर, म्हणजे त्या मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, मग प्रॉपर शिपिंग नेम, म्हणजे नियमातलं अधिकृत नाव, मग धोक्याचा वर्ग, मग पॅकिंग ग्रुप: एक सगळ्यात धोकादायक, तीन सगळ्यात कमी. क्रम हलवायचा नाही. खाडाखोड केली की तिथे पुन्हा सही, तीही खालच्या सहीसारखीच. काका प्रत्येक फॉर्म मोठ्याने वाचून दाखवायला लावायचे. कंटाळा यायचा, पण ती सवय आजही आमच्याकडे आहे. सॉफ्टवेअरमधून छापलेला फॉर्मसुद्धा आम्ही सहीआधी मोठ्याने वाचतो.

सॉफ्टवेअर आम्ही ऐपतीपेक्षा थोडं आधीच घेतलं आणि ते फार बरं झालं. आयाटाचं, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, नियमांचं पुस्तक दर वर्षी बदलतं, 1 जानेवारीपासून नवी आवृत्ती लागू. समुद्राने जाणाऱ्या धोकादायक मालाचा नियमसंग्रह, आयएमडीजी कोड, दोन वर्षांनी बदलतो. त्यावर प्रत्येक देशाचे वेगळे नियम, प्रत्येक विमान कंपनीचे वेगळे. हे सगळं पुस्तकातून शोधत बसलो तर एका खोक्याला अर्धा दिवस जातो. सॉफ्टवेअरमध्ये यूएन नंबर टाकला की नाव, वर्ग, पॅकिंग इन्स्ट्रक्शन, प्रवासी विमानाची मर्यादा, मालवाहू विमानाची मर्यादा समोर येते. कंपनी निवडली की तिची अट लाल अक्षरात दिसते. एकाच खोक्यात दोन रसायनं भरायची असतील तर क्यू व्हॅल्यू तेच काढतं. प्रत्येकाचं प्रमाण भागिले त्याची मर्यादा, त्यांची बेरीज, आणि ती एकच्या वर जाता कामा नये. समजा असीटोन 2 लिटर, मर्यादा 5 लिटर, म्हणजे 0.4. सोबत पॅकिंग ग्रुप तीनचं रेझिन सोल्यूशन 3 लिटर, मर्यादा 60 लिटर, म्हणजे 0.05. बेरीज 0.45, वरच्या दशांशाला न्यायची, 0.5. एकच्या आत आहे, जाऊ द्या. काका हा हिशेब आधी कागदावर करायचे आणि मग पडद्याकडे बघायचे. दोन्ही जुळले की त्यांचा चेहरा खुलायचा.

पण सॉफ्टवेअर आपण जे सांगू ते खरं धरून चालतं. थिनरचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो आकडा, 22 अंश असेल तर पॅकिंग ग्रुप दोन, प्रवासी विमानात एका पॅकेजमध्ये 5 लिटर. तोच 24 अंश असेल तर ग्रुप तीन आणि 60 लिटर. दोन अंशांनी बारापट फरक पडतो. तो आकडा येतो ग्राहकाच्या एमएसडीएसवरून, म्हणजे रसायनाच्या सुरक्षा-माहितीपत्रिकेवरून, आणि ती कधीची, कोणत्या बॅचची, आकडा क्लोज्ड कप (बंद भांड्यातल्या) चाचणीचा की कुठून उतरवलेला, हे मशीन विचारत नाही. ते आम्ही विचारतो. ग्राहकांना त्याचा त्रास होतो हे मला माहीत आहे.

हत्यारांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमच्या टेबलावरची सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे टॉर्क रेंच, ठरवलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना. यूएन मार्क असलेलं पॅकेजिंग चाचणीत पास झालेलं असतं ते बनवणाऱ्याने सांगितलेल्या पद्धतीने बंद केल्यावर. ग्रुप दोनला 1.2 मीटरवरून, ग्रुप एकला 1.8 मीटरवरून आपटून बघतात. विमानाने जाणाऱ्या द्रव्याच्या बाटलीला साधारणपणे 95 किलोपास्कलचा दाबही सोसावा लागतो. झाकण हाताच्या अंदाजाने आवळलं तर त्या चाचणीला अर्थ उरत नाही. क्लोजिंग इन्स्ट्रक्शनमध्ये जेवढा टॉर्क लिहिलाय तेवढाच, रेंच कटकन वाजेपर्यंत. टेपचंही तसंच. किती रुंदीचा, कोणत्या जातीचा, कडांवरून किती खाली आणायचा हे लिहिलेलं असतं, आणि टेप संपला म्हणून दुसरा चालत नाही. खोक्यावरचं एक्स, वाय, झेड हे अक्षर बघितल्याशिवाय आमच्याकडे कुणी खोकं उलगडत नाही. एक्समध्ये तिन्ही ग्रुप जातात, वायमध्ये दोन आणि तीन, झेडमध्ये फक्त तीन. समुद्राने जाणारी लेबलं खाऱ्या पाण्यात तीन महिने टिकणारी लागतात, म्हणून त्यांचे रोल वेगळ्या कपाटात ठेवतो. व्हर्मिक्युलाइट (सांडलेलं शोषून घेणारं खनिज) भरताना बाटलीच्या तळाशीही थर घ्यावा. लोक फक्त वरून ओततात.

पुढची काही वर्षं काम वाढत गेलं, माणसं वाढली.

मग एक नवी कंपनी आली. नाव घेत नाही. त्यांचा माणूस आमच्या एकेका ग्राहकाकडे जाऊन एकच वाक्य सांगायचा: ‘आमच्याकडे सगळं सॉफ्टवेअर करतं, तुम्ही फक्त माल द्या.’ दर आमच्यापेक्षा बराच खाली. तो कसा परवडतो ते हळूहळू कळलं. झाकणं आवळायला प्रशिक्षित माणूस नाही, जुन्या शिपमेंटची कॉपी काढून तारीख बदलायची, आणि अडचणीचा माल शक्यतो लिमिटेड क्वांटिटीत, म्हणजे थोड्या मालासाठीच्या सवलतीत, बसवायचा. ड्रममध्ये तळाशी उरलेलं असलं तरी ‘रिकामा’ लिहून मोकळे. या शब्दाने माझ्या पोटात गोळा येतो. 11 मे 1996 ला व्हॅल्यूजेटच्या 592 क्रमांकाच्या विमानात ऑक्सिजन जनरेटर चढवले गेले आणि कागदावर ते रिकामे असल्याचं लिहिलं होतं. ते रिकामे नव्हते. विमानातली सगळी 110 माणसं गेली. धुऊन, वाफ काढून स्वच्छ न केलेला ड्रम हा भरलेल्या ड्रमइतकाच धोकादायक माल धरायचा असतो. हे मी ग्राहकांना सांगायला गेलो तर त्यांना वाटलं, धंदा हातचा चाललाय म्हणून हा घाबरवतोय.

मोठा दणका त्यानंतर बसला. आमच्या एका मोठ्या ग्राहकाने पॅकिंग आमच्याकडेच ठेवलं, पण वाहतूक आणि बुकिंग त्या कंपनीला दिलं. माल होता यूएन 1866, रेझिन सोल्यूशन. खोकी आम्ही भरली, लेबलं लावली, समोरासमोरच्या दोन बाजूंना वरची बाजू दाखवणारे बाण लावले, डिक्लेरेशनवर सही केली आणि खोकी सुटी त्यांच्या गाडीत चढवून दिली. पुढे विमान कंपनीच्या काउंटरवर माल नापास झाला. चार दिवसांत ग्राहकाच्या हातात त्या कंपनीचं पत्र: पॅकिंग करणाऱ्याचं डिक्लेरेशन चुकीचं. त्या पत्राच्या प्रती आमच्या इतर ग्राहकांपर्यंत कशा पोचल्या हे मला कुणी समजावून सांगावं.

झालं होतं असं. गाडीतून उतरल्यावर त्यांनी सगळी खोकी एका पॅलेटवर रचली आणि काळ्या प्लास्टिकने गुंडाळून टाकली. या धंद्यात असलेल्याला पुढचं सांगायला नको. तो ओव्हरपॅक झाला, म्हणजे अनेक खोक्यांचा एकत्र बांधलेला एक नग. आतली लेबलं दिसत नाहीत, म्हणजे ती बाहेर पुन्हा लावायला हवीत, ‘ओव्हरपॅक’ हा शब्द बाहेर ठळक लिहायला हवा आणि डिक्लेरेशनवरही ओव्हरपॅकची नोंद हवी. आमच्या डिक्लेरेशनवर ती नव्हती, कारण आम्ही ओव्हरपॅक केलाच नव्हता. नापास झालेल्या चेकलिस्टची प्रत त्यांच्याकडे होती. ती त्यांनी दाबून ठेवली आणि पत्र मात्र पाठवलं.

त्या काही महिन्यांत एकेक ग्राहक गेला. कुणी भांडलं नाही, फोन यायचे थांबले एवढंच. त्यातच सॉफ्टवेअरचं वार्षिक नूतनीकरण आलं. ते भरलं नाही तर 1 जानेवारीपासून नवी आवृत्ती मिळणार नाही, आणि जुन्या नियमांवर डिक्लेरेशन काढणं म्हणजे दुकान बंद करणंच. ते भरलं तर पगार निघत नव्हते. पगारांसाठी काकांनी स्वतःची बचत काढली. मी नको म्हणालो तर म्हणाले, ‘अरे, रेंच विकून खाणार आहेस का?’

आणि एक ग्राहक हलला नाही. सुगंधी द्रव्यं बनवणाऱ्या एक बाई, आमच्या सगळ्यात पहिल्या ग्राहकांपैकी. यूएन 1266, छोटी छोटी कन्साइनमेंट, दर महिन्याला. पत्र त्यांच्याकडेही गेलं होतं. त्यांनी ते घेऊन येऊन माझ्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, ‘भाऊ, झाकणं तुमच्याच माणसांनी लावली होती ना?’ हो म्हटलं. ‘मग मला बाकी काही विचारायचं नाही.’ पुढच्या सहा कन्साइनमेंटचे पैसे त्यांनी आगाऊ दिले. नूतनीकरण त्या पैशांतून भरलं. त्यांच्या प्रत्येक मालाची फाइल आजही मी स्वतः बघतो. नवीन मिश्रण आलं की फ्लॅश पॉइंटचा रिपोर्ट आधी, किंमत नंतर, हे त्यांच्याच प्रयोगशाळेने स्वतःहून सुरू केलं.

प्रकरण फिरलं ते आमच्या रेकॉर्डमुळे. डिक्लेरेशनची प्रत किमान तीन महिने ठेवायचा नियम आहे. आम्ही काहीच पुसत नाही. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक शिपमेंटचा इतिहास असतो: कुणी भरलं, कधी बदललं, किती वाजता छापलं. त्याला आम्ही प्रत्येक खोक्याचं वजन, चारही बाजूंचे फोटो आणि गाडीत चढवतानाचा फोटो जोडतो. ग्राहकाने नुकसानभरपाई मागितली तेव्हा तीन महिने केव्हाच उलटले होते, समोरच्यांना वाटलं आता काही सापडायचं नाही. मी इतिहासाची प्रिंट, सुट्या खोक्यांचे फोटो आणि त्यांच्याच ड्रायव्हरच्या सहीची पावती ग्राहकापुढे ठेवली. पावतीवर स्वच्छ लिहिलेलं: फायबरबोर्ड खोकी, सुटी. मग ग्राहकाने थेट विमान कंपनीकडून चेकलिस्ट मागवली. नापासाची खूण ओव्हरपॅकच्या प्रश्नांवर होती. पॅकिंग, लेबलं, वर्गीकरण, सगळ्यांपुढे ‘होय’.

भरपाईची मागणी मागे घेतली गेली. गेलेल्यांपैकी बरेचसे ग्राहक नंतर परत आले, त्यांनाही आम्ही आजच्याच दराने करतो, जुना दर मागू नये.

आता या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो, कुणी विचारल्या नसल्या तरी. जुनी शिपमेंट कॉपी करायचं बटण बंद करून घ्या. आमच्याकडे ते फक्त पत्त्यासाठी चालू आहे. एमएसडीएसचा चौदावा भाग वाचा, पण त्याच्यावर थांबू नका, नवव्या भागातला फ्लॅश पॉइंट आणि उत्कलनबिंदू त्याच्याशी जुळतोय का ते बघा. बरेचदा जुळत नाही. लिथियम बॅटरीवाल्यांकडून यूएन 38.3 या बॅटरी-सुरक्षा चाचणीचा सारांश माल येण्याआधी घ्या. नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या, यूएन 3480, प्रवासी विमानातून 1 एप्रिल 2016 पासून बंद आहेत आणि चार्ज 30 टक्क्यांच्या वर चालत नाही, हे अजून ग्राहकांना पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटतं. चार्ज किती आहे ते लेखी घ्या. प्रशिक्षणाची तारीख दोन वर्षांची असते, ती सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि मुदत संपायच्या आधीच माणसाला पाठवा. आणि माल दुसऱ्याच्या गाडीत चढवताना पावतीवर ‘सुटी खोकी’ किंवा ‘ओव्हरपॅक’ यातलं एक लिहून ड्रायव्हरची सही घेतल्याशिवाय गाडी सोडू नका. घाई असली तरी.

काका आता रोज येत नाहीत. नवीन मुलगी डिक्लेरेशन बघते, ती काकांपेक्षा वेगाने आणि तितक्याच कडकपणे. मागच्या आठवड्यात तिने एका मोठ्या ग्राहकाचा माल थांबवला कारण खोक्यावर वाय होतं आणि आत ग्रुप एकचं रसायन. ग्राहकाचा फोन मला आला. मी तिचाच निर्णय कायम ठेवला.

ते पत्र मात्र कुणीही मागे घेतलेलं नाही. ज्यांना त्याच्या प्रती गेल्या त्यांच्यापैकी काहींच्या फायलीत ते अजून असेल. त्यांनी आमच्याकडून चेकलिस्टची आणि पावतीची प्रत मागून घ्यावी, त्याच दिवशी देऊ.