तुम्ही विचारलंत म्हणून: सॅम्पल एवढंसंच का?

माझ्या प्रबंधाचा विषय मरणासन्न रुग्णांची सेवा करणाऱ्या मराठवाड्यातल्या नर्सेसचे अनुभव असा आहे, हे सांगितलं की आमच्या क्षेत्रातली माणसं पहिल्यांदा विचारतात, "सॅम्पल किती?", म्हणजे किती जणींच्या मुलाखती घेतल्या. वीससुद्धा नाही म्हटलं की चेहरा पडतो. "एवढ्यात काय सिद्ध होणार?" परवा तुम्हीही तेच विचारलंत.

टक्केवारी काढायची असती तर तुमचं म्हणणं रास्त होतं. त्यासाठी मरणासन्न रुग्णांच्या सेवेबद्दल नर्सला काय वाटतं हे मोजणारी फ्रोमेल्टबाईंची १९९१ सालची प्रश्नावली आहे, ३० विधानांची, प्रत्येकापुढे पाच पर्याय. जगभर वापरतात. पण 'नर्सने रुग्णाच्या कुटुंबाचीही काळजी घ्यावी' अशा अर्थाच्या विधानापुढे 'असहमत'वर टिक करणारी सिस्टर मला दाखवा. शिवाय मेट्रन शेजारी उभी असली तर विचारूच नका.

मुलाखतीत वेगळं निघतं. कॉटला 'तोंडाने काही देऊ नये' अशी पाटी लावलेली असते. रुग्णाची सून गोदावरीचं पाणी आणि तुळशीचं पान घेऊन दारात उभी. "सिस्टर, जीव जायलाय त्यांचा, दोन थेंब पाजू द्या की." पाणी श्वासनलिकेत जाईल ही भीती खोटी नाही. कोरड्या तोंडानं माणूस गेला, हा सल त्या घराला जन्मभर राहील, हेही खोटं नाही. एका सिस्टरनं त्याच पाण्यात गॉज भिजवून आजोबांचे ओठ पुसले आणि चार्टवर लिहिलं, 'माउथ केअर दिली'. लिहिलेलं खरंच होतं.

तसंच घरी नेण्याचं. जीव आपल्या घरात जावा म्हणून नातेवाईक 'डामा' घेतात, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेतो अशी सही करतात. श्वासासाठी नळी घातलेल्या रुग्णाला गाडीत घालताना पुतण्याच्या हातात अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, येते. "पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबायची, घाई करायची नाही," हे त्याला कॉटशेजारी शिकवते ती सिस्टरच. "गावापर्यंत टिकतील का ओ?" हा प्रश्नही तिलाच, कारण डॉक्टर 'सिरियस आहे' एवढंच सांगून पुढच्या पेशंटकडे गेलेले असतात. तासाभरात त्या कॉटवर दुसरा पेशंट.

आता सॅम्पलचं. प्रत्येक मुलाखत शब्दन् शब्द उतरवायची, ओळीओळीला कोड, म्हणजे तिच्यातल्या आशयाचं छोटंसं नाव, द्यायचे, सारखे कोड एकत्र आणायचे. नव्या मुलाखतीत नवं काही येईना झालं की थांबायचं. हा थांबण्याचा नियम ग्लेसर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांचा, १९६७ सालचा. तो ज्या अभ्यासातून आला तो, योगायोग म्हणा, मरणाऱ्या रुग्णांचाच होता. सॅन फ्रान्सिस्को भागातल्या रुग्णालयांत त्यांनी पाहिलं की आपण आता जगणार नाही हे पुष्कळदा रुग्ण सोडून सगळ्यांना ठाऊक असतं.

आपल्याकडे ते पाहायला अमेरिकेत जावं लागत नाही. "बाबांना सांगू नका," ही तर नातेवाइकांची पहिली अट. मग बाबा रात्रपाळीच्या सिस्टरलाच विचारतात, नातेवाईक झोपल्यावर. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये उपचारांबाबतचं इच्छापत्र, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं, २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. पण असा कागद घेऊन आलेला पेशंट मला भेटलेल्या एकीलाही आठवेना. 'मला घरी न्या' असं रात्री सिस्टरला सांगणारे मात्र सगळ्यांना आठवत होते. ते लिहायला चार्टवर रकाना नाही; नाडी, बी.पी. आणि लघवीच्या मापाला आहे.

मराठवाड्यातली प्रत्येक नर्स असंच वागते, असं मी म्हणत नाही. तेवढ्यासाठी आकडे लागतील. ज्यांना हवेत त्यांनी खुशाल पाचशे जणींना विचारावं, फक्त प्रश्नावलीत त्या पाण्याचा आणि अँबू बॅगचा प्रश्न घालावा.