कुंड्या भरायच्या राहिल्या

शनिवार

आज दिवसभर बागकाम हे ठरलेलं होतं. थंडी सरली, जास्वंदीला लालसर पालवी फुटायला लागली, आणि मोगऱ्याच्या कुंडीत मुळं एवढी दाटलीयत की पाणी घातलं की वरच तुंबून राहतं, म्हणजे त्याला मोठी कुंडी हवीच. टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये कधीची तयार आहेत. कोकोपीट रात्रीच भिजवलेलं, सकाळी त्यात माती, गांडूळखत आणि मूठभर निमपेंड कालवून घमेलं भरून ठेवलं. मोगरा कुंडीसकट आडवा केला, कडेने थापट्या मारून बाहेर काढला, आणि बोटांनी मुळं सैल करत बसले होते तेवढ्यात घूंऽऽ असा आवाज यायला लागला.

आधी वाटलं कोणीतरी ड्रोन उडवतंय. मान वर केली तर गच्चीच्या कठड्यापलीकडे हवाच हलतेय असं दिसलं, मग कळलं की त्या माश्या आहेत. मधमाश्या. किती ते विचारू नका, हजारोंनी. घमेलं तिथंच, खुरपं तिथंच, मी आत आणि दार धाडकन बंद. मातीचे हात दाराला लागले ते अजून तसेच आहेत.

काचेतून बघत राहिले. आधी सगळीकडे नुसता गोंधळ, मग हळूहळू जास्वंदीच्या एका फांदीवर काळपट ठिपका दिसायला लागला, तो बघता बघता मुठीएवढा, मग नारळाएवढा, मग त्याहून मोठा झाला आणि फांदी खाली वाकली. थोड्या वेळाने आवाज जवळपास थांबला. एकमेकींचे पाय धरून लटकलेल्या माश्यांचा एक जिवंत घोस, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर उघड्या मुळांचा माझा मोगरा उन्हात पडलेला.

दादाच्या एका मित्राकडे मधपेट्या आहेत, त्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "ताई, माश्या केवढ्या आहेत?" कारण आग्या, म्हणजे त्या मोठ्या चिडक्या माश्या, असत्या तर दार-खिडक्या लावून लांब राहायचं, त्यात चर्चा नाही. मी फोन काचेला चिकटवून झूम केला. लहान, पोटावर पट्टे. "सातेरी दिसतायत, पेटीत पाळतात त्या. पोळं सोडून थवा निघालाय, वाटेत टेकलाय. काही करू नका, फक्त काही करू नका." हे दोनदा म्हणाला.

खालच्या मजल्यावरच्या काकांना अर्थातच कळलं होतं. त्यांचं म्हणणं, धूर करा, नाहीतर पाइपने पाणी मारा, नाहीतर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. धूर नको, पाणी नको आणि औषध तर अजिबात नको, असं मी सांगितलं तेव्हा ते "बघा बुवा, तुमची गच्ची" म्हणून गेले. त्यांचंही चूक नाही म्हणा, घरात लहान नातू आहे. नातवाला वर पाठवू नका एवढं मात्र त्यांनी ऐकलं.

मोगऱ्याचं काम ऊन उतरल्यावर केलं. बाही लांब, केस बांधलेले, सेंट वगैरे काही नाही, अगदी हळू चालत गेले, ओलं गोणपाट मुळांवर गुंडाळलं आणि मोगरा सावलीत ओढला. एकही माशी अंगावर आली नाही. याचं कारण मित्राने आधीच सांगितलं होतं. निघताना त्या पोटभर मध पिऊन निघतात आणि राखायला पोळं नाही, पिल्लं नाहीत, साठा नाही, त्यामुळे थव्यातल्या माश्या सहसा चिडत नाहीत. सहसा. हा शब्द डोक्यात ठेवूनच मी गेले होते.

रविवार

झोप कुठली, सहालाच काचेपाशी. घोस आहे तिथंच, गारव्याने आक्रसून लहान झालेला. काल रात्री याच विषयावर बरंच वाचत बसले होते, त्यामुळे आज बघताना वेगळंच वाटत होतं. घोसाच्या आत माश्या मिळून साधारण ३५ अंश तापमान राखतात, बाहेर गार असलं तरी. वरच्या थरातल्या माश्या जवळ जवळ सरकून पांघरूण होतात.

मला आत्तापर्यंत वाटायचं की नवी राणी झाली की ती घर सोडून जाते. उलट आहे. म्हातारी राणी निघते, निम्म्याहून जास्त कामकरी माश्या बरोबर घेऊन, आणि भरलेलं घर मागे लेकीला राहतं. निघायच्या आधी तिचं खाणं कमी करून तिला बारीक केलं जातं, नाहीतर अंड्यांनी जड झालेल्या राणीला उडताच येत नाही. आणि हे सगळं वसंतात, कारण फुलोरा भरपूर असतो आणि नवा संसार उभा करायला वेळ मिळतो. म्हणजे माझा आणि त्यांचा मुहूर्त एकच निघाला, मी मोगऱ्याचं घर बदलत होते आणि त्या स्वतःचं.

ऊन आल्यावर खरी गंमत सुरू झाली. घोसाच्या पृष्ठभागावर काही माश्या नाचत होत्या. नाचत म्हणजे, शेपटाकडचा भाग थरथरवत सरळ थोडं पुढे जायचं, मग वळसा घालून परत पहिल्या जागी, पुन्हा तीच सरळ रेघ, पुन्हा वळसा. हा नाच म्हणजे जागेचा पत्ता सांगणं. सरळ वरच्या दिशेने नाच म्हणजे जागा सूर्याच्या दिशेला, उजवीकडे तिरका म्हणजे सूर्याच्या तेवढं उजवीकडे. थरथर जितकी लांब तितकी जागा दूर, युरोपातल्या माश्यांच्या हिशोबात एक सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर, जातीप्रमाणे हे माप बदलतं. ही भाषा कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडली, त्यांना १९७३ चं नोबेल मिळालं, तेही आणखी दोघांबरोबर.

पण मला जास्त आवडली ती त्यांच्या शिष्याची, मार्टिन लिंडाउअर यांची गोष्ट. १९४९ साली म्युनिकमध्ये, त्यांच्या संस्थेच्या बागेतल्या झुडपावर असाच थवा लटकलेला होता. त्यांना दिसलं की नाचणाऱ्या माश्या मळलेल्या आहेत, कोणी काजळीने काळी, कोणी विटांच्या भुकटीने लाल. पराग नाही, मध नाही, नुसती घाण. लढाईत उद्ध्वस्त झालेलं शहर ते. मग त्यांच्या लक्षात आलं की या खाणं शोधून आलेल्या नाहीत, धुराडी आणि पडक्या भिंतींची भोकं तपासून आल्यात, घर बघून आल्यात!

हे वाचल्यापासून मी प्रत्येक नाचणारीला निरखत होते, कोणी मळलीय का. एकीच्या पाठीवर पांढरी पूड दिसली, चुन्याची असावी, पक्कं सांगता येत नाही. गेल्या आठवड्यात माझ्या रिकाम्या, उलट्या ठेवलेल्या कुंडीच्या भोकातून एक-दोन माश्या सारख्या आत-बाहेर करायच्या ते आज आठवलं, तेव्हा मी हाकलत होते. जागा बघायला आल्या असणार. कुंडी लहान पडली असेल.

आणि राणी यातलं काहीच ठरवत नाही. काही शे अनुभवी माश्या जागा बघून येतात, आवडली तर नाचतात, जागा उत्तम असेल तर जास्त वेळ, बरी असेल तर थोडाच. बाकीच्या जाऊन स्वतः बघून येतात मगच नाचतात, ऐकीव गोष्टीवर नाही. दुसऱ्या जागेचा प्रचार करणारीला डोक्याने टक्कर मारून गप्पही करतात. एखाद्या जागेवर वीस-तीस माश्या एका वेळी जमल्या की ठरलं. आमच्या सोसायटीची मीटिंग दोन वर्षं पाण्याच्या टाकीवर चाललीय, असो.

दुपारपर्यंत दोन वेगवेगळ्या दिशांचे नाच चालू होते, संध्याकाळी बहुतेक नाच एकाच बाजूला झुकलेले. बागकाम शून्य. पानांवर मावा आलाय, निमतेलाची बाटली हातात घेतली आणि परत ठेवली, आत्ता गच्चीवर काहीच फवारायचं नाही. टोमॅटोच्या ट्रेला तेवढं दाराच्या फटीतून झारीने पाणी.

सोमवार

ऑफिसचा लॉगिन उशिरा केला आज. साडेदहाच्या सुमाराला घोसातून बारीक पिपाणीसारखा आवाज यायला लागला, म्हणजे स्नायू गरम करा, निघायचंय. आधी काही माश्या घोसावरून सैरावैरा धावत सुटल्या, मग अख्खा घोस वितळल्यासारखा सुटला, मिनिटभरात फांदी मोकळी आणि हवा भरलेली. त्या ढगातून काही माश्या सरळ रेघेत जोरात पुढे जाताना दिसत होत्या, त्याच वाट दाखवणाऱ्या. कठडा ओलांडला, जिन्याच्या कोपऱ्यावरून वळल्या आणि गेल्या.

फांदीवर मेणाचे पांढरे बारीक कण चिकटलेत, आणि मागे राहिलेल्या दहा-बारा माश्या तिथंच घिरट्या घालतायत. फांदी जरा पिचलीय पण पालवी ठीक आहे. मोगऱ्याची दोन-चार पानं पिवळी पडली, मुळं ओली होती म्हणून वाचला, संध्याकाळी मोठ्या कुंडीत गेला एकदाचा. टोमॅटो ट्रेमध्ये राहून लांबलेत, ते खोडापर्यंत खोल लावले की झालं, मातीत गेलेल्या खोडालाही मुळं फुटतात.

काकांचा फोन आला, गेल्या का? म्हटलं गेल्या. कुठे गेल्या? जिन्याच्या कोपऱ्यावरून वळल्या एवढंच बघितलं. पलीकडून जरा वेळ काहीच बोलणं नाही. मग म्हणाले, "त्या बाजूला आमच्या बाथरूमचा जुना पाइप आहे, बुजवायचा राहिलाय, तुम्ही जरा खाली येता का?"