तुम्ही विचारलंत म्हणून : साठ वर्षांपूर्वीच्या बातम्यांची गाणी

अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलनची सुरुवातीची निषेधाची गाणी मी अजून ऐकते, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "अहो, ती तर त्या वेळच्या बातम्यांवर लिहिलेली ना? ती माणसं गेली, ते खटले संपले. आता त्यांत ऐकण्यासारखं उरलंय काय?" काही जण आणखी एक टोचणी लावतात, "आणि ज्यानं ती लिहिली, त्यानंच वर्षाच्या आत तो नाद सोडला."

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. इतकी वर्षं मी त्यांना काहीतरी मोघम उत्तर देत आले. पण गेल्या काही महिन्यांत आम्ही सहाजण डिलनवेडे एकत्र बसून त्याचे १९६३ आणि १९६४ चे दोन अल्बम पुन्हा पहिल्यापासून ऐकत होतो, आणि आता मला नीट उत्तर देता येईल असं वाटतं. आमचा नियम साधा होता. एका बैठकीत रेकॉर्डची एकच बाजू ऐकायची, गाण्यांचा क्रम मोडायचा नाही, आणि बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. आमच्यात एक निवृत्त वकील आहेत, त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. एक विशीतली मुलगी आहे, तिनं यांतली बहुतेक गाणी पहिल्यांदाच ऐकली. बाकीचे माझ्यासारखे, पाठ असलेले.

या दोनांतला पहिला अल्बम 'द फ्रीव्हीलिन बॉब डिलन', मे १९६३ चा. तेव्हा डिलन नुकताच बावीस वर्षांचा झाला होता. 'ब्लोइन इन द विंड', प्रश्नामागून प्रश्न विचारणारं, याच अल्बमचं पहिलं गाणं. त्याची चाल गुलामगिरीच्या काळातल्या 'नो मोअर ऑक्शन ब्लॉक' या गाण्यातून आलेली आहे. लिलावाच्या ओट्यावर आता पुन्हा उभं राहणं नाही, असं म्हणणारं ते गाणं एकदा ऐकलं की डिलनचे प्रश्न हवेत तरंगत नाहीत, ते कुठून आले ते कळतं. तरीही मनापासून सांगते, या खेपेला ते गाणं मला भिडलं नाही. त्यात कुणाचं नाव नाही, गाव नाही, म्हणून ते सगळ्यांचं झालं. सगळ्यांच्या हातांतून फिरून फिरून त्याची धार गेली. यात दोष गाण्याचा नाही.

'अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल'चं मात्र तसं होत नाही. सोव्हिएत रशियानं क्युबात आणलेल्या क्षेपणास्त्रांच्या पेचात, जग आता संपतंय या भीतीनं डिलननं ते लिहिलं, अशी गोष्ट मी स्वतः कित्येकांना सांगितली आहे. ती चूक आहे. केनेडींनी २२ ऑक्टोबर १९६२ ला दूरचित्रवाणीवरून तो पेच देशापुढे मांडला, आणि डिलननं हे गाणं बरोबर एक महिना आधी, २२ सप्टेंबरला, कार्नेगी हॉलमध्ये गाऊन दाखवलं होतं. आई मुलाला विचारते, कुठं होतास, काय पाहिलंस, अशी त्याची रचना जुन्या 'लॉर्ड रँडल' या इंग्रजी-स्कॉटिश लोकगीतावरून घेतलेली. म्हणजे गाण्याला बातमीची वाट पाहावी लागली नाही, बातमीच मागून येऊन गाण्यात बसली.

पण मला बोलायचंय ते दुसऱ्या अल्बमबद्दल. 'द टाइम्स दे आर अ-चेंजिन', जानेवारी १९६४. दहाच्या दहा गाणी त्याची स्वतःची, गिटार आणि माउथ ऑर्गनशिवाय साथीला कुणी नाही, मुखपृष्ठावर कृष्णधवल, आठी घातलेला चेहरा. पहिल्या अल्बममध्ये मधूनमधून हसू तरी होतं. इथं नावालाही नाही. आमच्यातल्या एकीला तो नेहमीच जड गेला आहे, आणि तिचं म्हणणं मला पटतं. सलग ऐकला की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. 'हॉलिस ब्राउन'मधला साउथ डकोटाचा उपाशी शेतकरी, बायको आणि पाच मुलं, सात काडतुसं. गिटार एकाच जागी घुमत राहते, कुठं सुटकाच देत नाही.

पहिली बाजू संपते ती 'नॉर्थ कंट्री ब्लूज'नं. डिलन ज्या हिबिंग गावात वाढला, ते मिनेसोटातलं लोखंडाच्या खाणींचं गाव. खाणी बंद पडत गेलेल्या गावाची ही कहाणी आहे. बरंच गाणं होऊन जातं, सांगणारी तिच्या लग्नापाशी येते, आणि तेव्हा कुठं लक्षात येतं की बोलतेय ती बाई आहे. जात्यावर बसून एखादीनं आपलं आयुष्य ओवीत सांगावं, तसा त्याचा सूर. खाण बंद का पडली, याचं कारणही ती सांगते. दक्षिण अमेरिकेत माणसं जवळजवळ फुकट राबतात, तिथलं खनिज स्वस्त पडतं. आमच्यातली विशीतली मुलगी ते ऐकून म्हणाली, "हे साठ वर्षांपूर्वीचं आहे?" मी काहीच बोलले नाही.

खरी वादावादी झाली ती दुसऱ्या बाजूच्या बैठकीत. 'ओन्ली अ पॉन इन देअर गेम' हे गाणं मेडगर एव्हर्सच्या खुनावर आहे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी मिसिसिपीत काम करणाऱ्या या सदतीस वर्षांच्या माणसाला १२ जून १९६३ च्या मध्यरात्रीनंतर, जॅक्सनमधल्या त्याच्या घराच्या दारात पाठीत गोळी घातली गेली. डिलन गाण्यात एव्हर्सचं नाव घेतो, मारणाऱ्याचं घेत नाही. उलट म्हणतो की दोष त्याचा नाही. पुढारी गरीब गोऱ्याला सांगतो, तुझी कातडी गोरी आहे ना, मग तक्रार कसली? त्या भांडवलावर पुढारी मोठा होतो आणि गरीब गोरा गाडीच्या शेवटच्या डब्यातच राहतो. यमकं हातोड्यासारखी एकामागून एक पडत जातात, जणू कुणीतरी ते त्या माणसाच्या डोक्यात ठोकून बसवतंय.

काका चिडले. "दोष नाही म्हणजे? झुडपाआड दबा धरून बसला, नेम धरला, चाप ओढला. हात कुणाचा होता?" त्यांनी आणखी एक मुद्दा काढला, आणि तो खोडून काढता येत नाही. आरोपी बायरन डे ला बेकविथ काही झोपडीतला अडाणी गरीब नव्हता, तो खतांचा विक्रेता होता. १९६४ मध्ये दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीचं एकमत झालं नाही. त्याला शिक्षा व्हायला १९९४ उजाडावं लागलं.

मी काकांशी अर्धी सहमत आहे. त्या एका माणसाच्या बाबतीत गाणं चुकलं असेल. पण जुलै १९६३ मध्ये डिलननं ते कुठं गायलं ते पाहा. मिसिसिपीतल्या ग्रीनवुडजवळ, एका शेतात, मतदार नोंदणीचं काम करणाऱ्या कृष्णवर्णीयांपुढे. आणि ग्रीनवुड म्हणजे बेकविथचंच गाव. तिथं त्याच्या नावानं शिव्या घालणं सोपं होतं. डिलननं त्याचं नाव गाळलं आणि त्याच्यामागे उभे असलेले शेरीफ, गव्हर्नर, पुढारी मोजले. नाव गाळणं हीच शिक्षा आहे असं मला वाटतं. एव्हर्सला राजासारखं पुरलं जातं, आणि मारणाऱ्याच्या थडग्यावर फक्त 'प्यादं' एवढंच उरतं.

आणि मग हॅटी कॅरोल. 'द लोन्सम डेथ ऑफ हॅटी कॅरोल'. फेब्रुवारी १९६३, बाल्टिमोरमधल्या एका हॉटेलातली पार्टी. चोवीस वर्षांचा श्रीमंत तंबाखू-शेतमालक विल्यम झॅन्टझिंगर पेय यायला उशीर झाला म्हणून तिथं काम करणाऱ्या एकावन्न वर्षांच्या हॅटी कॅरोलला शिव्या देतो, छडी मारतो. काही तासांत ती मरते. शिक्षा सहा महिने, आणि ती सुनावली गेली २८ ऑगस्ट १९६३ ला. त्याच दिवशी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या वॉशिंग्टनच्या मोर्चात अडीच लाख लोकांपुढे डिलन एव्हर्सवरचं गाणं गात होता. हा योगायोग मला यंदाच ध्यानात आला, आणि मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

इथंही काकांनी वकिली केली. छडी खेळण्यातली, हलकी होती. तिला रक्तदाबाचा त्रास होता, मेंदूत रक्तस्राव झाला. गाणं ऐकून वाटतं की छडीच्या घावानंच ती गेली. न्यायालयानं मनुष्यवधाचा गुन्हा मानला, खुनाचा नाही. हे सगळं खरं आहे. गाण्याच्या न्यायालयात आरोपीची बाजू मांडलीच जात नाही, हेही खरं.

पण ते कडवं ऐका. हॅटी कॅरोल कोण होती हे सांगताना डिलन लागोपाठ तीन ओळी 'टेबल' या एकाच शब्दावर संपवतो. टेबलाच्या मानाच्या जागी ती कधी बसली नाही, टेबलावरच्यांशी बोललीसुद्धा नाही, टेबलावरचं उष्टं तेवढं उचललं. शिकाऊ कवीसुद्धा तिसऱ्यांदा तोच शब्द ठेवणार नाही. इथं तिच्या आयुष्याला दुसरं यमकच नाही. ती काळी होती आणि तो गोरा, हे साऱ्या गाण्यात एकदाही म्हटलेलं नाही. प्रत्येक कडव्यानंतर ऐकणाऱ्याला बजावलं जातं की रडण्याची वेळ अजून आलेली नाही. ती मेल्यावरही नाही. सहा महिन्यांची शिक्षा ऐकल्यावरच ती वेळ येते.

म्हणून, 'उरलंय काय?' या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. ज्या गाण्यांत नाव, गाव, तारीख आहे, तीच उरली आहेत. काळ बदलतोय म्हणणारं शीर्षकगीत आता कुणीही, कशाहीसाठी वापरू शकतं. हॅटी कॅरोल दुसऱ्या कुणाच्या कामाची नाही.

सोडून दिल्याबद्दल. हो, ९ जून १९६४ च्या एका रात्रीत त्यानं पुढचा अल्बम ध्वनिमुद्रित केला आणि त्यात बोट दाखवणारी गाणी नाहीत असं स्वतः सांगितलं. पण १९७१ मध्ये तुरुंगात मारल्या गेलेल्या जॉर्ज जॅक्सन या कृष्णवर्णीय कैद्यावर आणि १९७५ मध्ये तुरुंगात पडलेल्या मुष्टियोद्ध्या रुबिन कार्टरवर त्यानंच गाणी केली, आणि हॅटी कॅरोल तर तो पुढे अनेक वर्षं गात राहिला. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी सगळ्या चळवळीचा आवाज होण्याचं ओझं त्यानं खाली ठेवलं, ही गोष्ट मला तरुणपणी विश्वासघातासारखी वाटायची. आता तसं वाटत नाही.

तुम्हाला ऐकायचंच असेल तर दुसऱ्या अल्बमची दुसरी बाजू लावा. ती एव्हर्सपासून सुरू होते. मधलं 'बूट्स ऑफ स्पॅनिश लेदर' हे विरहाचं गाणं आहे, ते ओलांडू नका, त्यानंतर हॅटी कॅरोल ऐकणं वेगळं असतं. आमच्या बैठकीत काकांनी सगळे आक्षेप नोंदवून झाल्यावर स्वतःच उठून सुई पुन्हा त्या गाण्यावर ठेवली.