सात वर्षांचे सोळा महिने

मी सीएचबीवर इकॉनॉमिक्स शिकवते. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्वावर, जेवढे तास तेवढे पैसे, ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांना माहीत नाही त्यांना वाटतं ही काहीतरी पोस्ट असेल. माझं एक अनुदानित कॉलेज आहे, तिथे आठवड्याला 9 तास, तासाला 900 रुपये, आणि दुपारी दुसऱ्या एका कॉलेजच्या सेल्फ फायनान्स सेक्शनला बीएमएसच्या पोरांना शिकवते, तिथला रेट सांगत नाही, आईलाही सांगितलेला नाही. गणपतीची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, परीक्षा, कुणीतरी गेलं म्हणून सोडून दिलेलं कॉलेज, हे सगळं बिनपगारी. पावसाने लोकल बंद पडली तर शेजारच्या पर्मनंट मॅडमचा आनंद आणि माझा हिशोब एकाच वेळी सुरू होतो.

तर गेल्या वर्षी दक्षिण मुंबईतल्या एका कॉलेजची जाहिरात आली. असिस्टंट प्रोफेसर, इकॉनॉमिक्स, एक जागा, ओपन. फुल टाइम, युनिव्हर्सिटीची मान्यता असलेली, म्हणजे सुरुवातीचं बेसिकच 57,700. मंगळवारी सकाळी 10 ला बोलावलं होतं आणि मंगळवारी माझी दोन लेक्चर्स असतात, ती सोडली, म्हणजे 1800 रुपये घालून मी इंटरव्ह्यूला गेले असं समजा. कळव्याहून 7:50 ची पकडली, साडीला पिना लावलेल्या, फाईल छातीशी धरून उभी सीएसएमटीपर्यंत. फाईलचे दोन सेट, प्रत्येक पानावर सेल्फ अटेस्टेड, झेरॉक्सवाल्याने 340 रुपये घेतले तेही धरा.

कॉलेजच्या हॉलमध्ये 37 जण होतो, एका जागेसाठी. निम्मे चेहरे ओळखीचे, कारण इंटरव्ह्यू देणारी माणसं तीच असतात, फक्त कॉलेजं बदलतात. माझ्या शेजारी परभणीचे एक सर होते, देवगिरीने रात्रभर बसून आलेले, स्टेशनवरच तोंड धुऊन शर्ट बदलला म्हणाले. 11 वर्षं सीएचबी, पीएचडी झालेली. "ताई, शासनाने प्राध्यापकांच्या 2088 जागांना परवानगी दिली ना, तेव्हा मी घरी पेढे नेले होते," ते हसत म्हणाले. मी काही बोलले नाही, आमच्या घरी तर शेजारणीनेही अभिनंदन केलं होतं.

आधी स्क्रुटिनी होती, म्हणजे कागद तपासून मार्क लावणं. टेबलावर एक सिनियर क्लार्क, चष्मा नाकावर, अत्यंत सज्जन माणूस, त्यांच्यावर माझा राग नाहीये हे आत्ताच सांगते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या रेग्युलेशन्समध्ये कॉलेजसाठी शॉर्टलिस्टिंगचा तक्ता आहे, तो मला पाठ आहे. बीए 60 टक्क्यांच्या वर, 19 मार्क. एमए 60 च्या वर, 23. सेट, म्हणजे राज्याची पात्रता परीक्षा, 5 (देशपातळीवरची नेट असती तर 8, तीनदा दोन-चार मार्कांनी गेली, तो वेगळा विषय). तीन रिसर्च पेपर, 6. शिकवण्याचा अनुभव वर्षाला 2, जास्तीत जास्त 10, आणि माझी सात वर्षं झालेली म्हणजे इथे पूर्ण 10. एकूण 63. पीएचडीचे 25 नाहीत कारण थीसिस सबमिट होऊन नऊ महिने झाले आणि व्हायव्हाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तारीख येत नाही.

क्लार्क सर अनुभवाचे दाखले उलटत होते. मग म्हणाले, "मॅडम, हे जुलै ते ऑक्टोबर आणि डिसेंबर ते मार्च असं लिहिलंय."

"हो सर, सीएचबीची ऑर्डर तशीच निघते ना, सेमिस्टरप्रमाणे."

"म्हणजे वर्षाचे आठ महिने." कागदावर आकडा लिहिला. सात गुणिले आठ, छप्पन्न महिने. मी म्हटलं ठीक आहे, म्हणजे साधारण सव्वानऊ मार्क होतात, पाऊण मार्काने काय मरत नाही मी.

"आणि युनिव्हर्सिटीचं अप्रूव्हल?"

म्हणजे माझ्या नेमणुकीला युनिव्हर्सिटीची मान्यता, त्याशिवायचं वर्ष ते धरणार नव्हते. ते दोनच वर्षांचं होतं. बाकीच्या वर्षी आमच्या कॉलेजने फाईल उशिरा पाठवली, एका वर्षीचं अप्रूव्हल तर टर्म संपल्यावर येणार होतं ते आलंच नाही, आणि मी मूर्ख, शिकवत बसले, कागद मागितला नाही. त्यांनी पाच वर्षांवर हळूच पेन्सिलने रेघ मारली, पेनने नाही, एवढी माणुसकी होती. सोळा महिने. कॅल्क्युलेटरवर 2.67 आलं, माझ्यासमोर लिहिलं, मला सही करायला सांगितली. मी सही केली. सात वर्षांत मी वर्षाला तीन डिव्हिजन धरल्या तरी किती पोरांना डिमांड कर्व्ह काढायला शिकवलं असेल, त्यातला एक तर आता बँकेत ऑफिसर आहे आणि मला रिकरिंग उघडून देतो.

परभणीच्या सरांचे अकरा वर्षांचे चार मार्क निघाले. ते म्हणाले, "चला, तुमच्यापेक्षा सिनियर निघालो."

इंटरव्ह्यू दुपारी साडेतीनला झाला, आठ मिनिटं. मार्क फक्त यादी लावायला, निवड इंटरव्ह्यूवरच होती, म्हणून मी उगाच आशा धरून होते. एक्सपर्टनी महागाई आणि रेपो रेटवर दोन प्रश्न विचारले, ते चांगले गेले. मग मॅनेजमेंटच्या एका गृहस्थांनी फाईलवर बोट ठेवून विचारलं, "सात वर्षं शिकवताय, मग अजून पर्मनंट का नाही झालात?"

मी म्हटलं, "सर, त्यासाठीच आलेय."

एक्सपर्ट खाली बघून हसले. ते गृहस्थ हसले नाहीत.

यूजीसीने 2019 मध्ये गेस्ट फॅकल्टीला, म्हणजे तासावर शिकवणाऱ्यांना, तासाला 1500 रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त 50,000 असं ठरवून दिलं होतं, तो कागद फोनमध्ये सेव्ह करून ठेवलाय मी, परतीच्या गाडीत कुणीतरी देवाचा फोटो बघतं तसा तो बघत होते. जागा कुणाला मिळाली ते महिन्याने कळलं, आमच्यातल्या कुणालाच नाही.

इंटरव्ह्यूच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, माझ्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये शिरायच्या आधी ऑफिसात गेले. पाच वर्षांच्या अप्रूव्हलच्या कॉपी हव्यात म्हणून अर्ज दिला. आमचे क्लार्क दादा म्हणाले, "मॅडम, जुनी फाईल आहे, कपाट शिफ्ट झालंय, बघतो." मग सीएचबीचं वेगळं रजिस्टर पुढे सरकवलं, "आधी ह्याच्यावर सही करा. कालच्या दोन तासांना तुम्ही नव्हता ना? तिथे काट मारा, बिल आजच जाणारे."