मुरांगातली वारसनोंद आणि माझी सही

सासरे गेले तेव्हा केनियातल्या मुरांगातली चार एकर कॉफी त्यांच्याच नावावर होती. नवरा तिथल्या किकुयू समाजातला, मी साताऱ्याची. कागदपत्रं मला जमतात म्हणून काम माझ्याच गळ्यात पडलं.

सासऱ्यांची दोन लग्नं. थोरल्या घरात आई आणि दोन मुलगे. आमच्याकडे सासूबाई, माझा नवरा आणि तीन नणंदा. थोरल्यांचं म्हणणं, रीतीप्रमाणे घरटी दोन एकर. पण 1981 पासून लागू असलेल्या केनियाच्या वारसा कायद्यात कलम 40 आहे: प्रत्येक घरातली मुलं मोजा, हयात बायकोही मोजा. म्हणजे त्यांचे तीन हिस्से, आमचे पाच; हिश्शाला अर्धा एकर. हे कळल्यावर माझ्या नवऱ्याला बहिणींचा भलताच पुळका आला.

सुरुवात चीफच्या पत्रापासून. चीफ म्हणजे सरकारी माणूस. वारस कोण कोण ते तो लिहून देतो. पहिल्या पत्रात तिन्ही नणंदा गायब! "लग्न झालेल्या मुली कशाला?" तीन हेलपाटे घातले तेव्हा नावं आली. मग कोर्टात अर्ज, गॅझेटमध्ये नोटीस, हरकतीसाठी तीस दिवस, पुढे वाटणी कायम व्हायला सहा महिने. तेवढ्यात कॉफी लाल झाली. सोसायटीतलं खातं सासऱ्यांच्या नावाचं, त्यामुळे पैसे अडकले, आणि तोडणीवरून दोन्ही घरांत रोज तोंडातोंडी.

तारखेच्या आदल्या रात्री नवऱ्याने चहाच्या कपांमध्ये एक कागद सरकवला: बहिणींनी आपापला हिस्सा त्याला सोडायचा. मला तो कागद वाचायचीही गरज नव्हती. धाकट्या दोघींनी सही केली. थोरलीने मला विचारलं, "तुमच्याकडे काय करतात?"

"हक्कसोड म्हणतात. मीही दिलंय भावाला. साडीचोळीवर बोळवण झाली."

"मग आता जमीन आहे तुझी तिकडे?"

"नाही."

तिने पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटने एकेकाला उभं करून विचारलं, हिस्सा हवा की सोडला? धाकट्या दोघी "सोडला" म्हणाल्या. थोरली स्वाहिलीत म्हणाली, "नाताका." हवाय.

ओढ्याकडचा अर्धा एकर तिच्या वाट्याला आला. नवरा माझ्याशी दोन महिने धड बोलला नाही; कागद दाखवायला मात्र अजून माझ्याकडेच येतो.