आमची वाटचाल: व्हॅट ते जीएसटी, एका ‘बिल’ क्लासची

किरकोळ दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर, हा आमचा धंदा. व्हॅटच्या काळातला आमचा ‘बिल’ क्लास, म्हणजे प्रोग्रॅममधला बिलाचा भाग, सगळंच करायचा. साडेबारा टक्के हा आकडा त्यातच लिहिलेला, डेटाबेसचं कनेक्शन त्यातच ‘न्यू’ करून (नवं ऑब्जेक्ट स्वतःच बनवून) उघडलेलं, छपाईही तिथूनच. दुकानदाराने ८० मिमीऐवजी ५८ मिमीचा थर्मल प्रिंटर घेतला, तरी कर काढणाऱ्या फाइलला हात लावावा लागे, इतकी या कामांची एकमेकांत घट्ट गाठ.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा नुसता आकडा बदलून भागेना. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी निम्मा-निम्मा, परराज्यात एकच आयजीएसटी. आणि आमच्याकडे बिल, परतावा, कोटेशन, मासिक अहवाल असा जो तो आपला कर आपणच काढत होता.

म्हणून ‘करगणक’ हा इंटरफेस केला, म्हणजे काय द्यायचं आणि काय मिळेल एवढंच ठरवणारा करार. मेथड (त्याला सांगता येणारं काम) एकच. वस्तू, पुरवठ्याचं ठिकाण आणि तारीख द्यायची, कराच्या ओळी घ्यायच्या. बिलाला करगणक कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे बिल तयार होतानाच बाहेरून मिळतो, आत ‘न्यू’ नाही. खरे ऑब्जेक्ट प्रोग्रॅम सुरू होताना एकाच फाइलमध्ये जोडले जातात; टेस्टमध्ये (कोड तपासणाऱ्या कोडमध्ये) त्यांच्या जागी खोटा करगणक बसतो, डेटाबेस लागतच नाही. तारीखही बाहेरूनच द्यायची. क्लासने आतल्या आत संगणकाचं घड्याळ पाहिलं, तर आज पास झालेली टेस्ट दर बदलताच नापास होते.

‘बिल.ग्राहक.पत्ता.राज्य.कोड’ अशी साखळी हीसुद्धा घट्ट गाठच. पत्त्याची रचना बदलली की बिल मोडतं. बिलाला फक्त राज्याचा कोड पुरतो, तेवढाच द्यावा.

उत्साहात आम्ही ‘ग्राहक’ आणि ‘पत्ता’ यांनाही इंटरफेस लावले होते. ते काढले. नुसती माहिती धरून ठेवणाऱ्या क्लासला त्याने फायदा शून्य, फाइली मात्र दुप्पट.

२२ सप्टेंबर २०२५ ला १२ आणि २८ टक्क्यांतला बहुतेक माल ५ किंवा १८ मध्ये गेला. दरांच्या तक्त्यात लागू तारखेसह नव्या ओळी भरल्या. ‘बिल’ क्लास उघडावाही लागला नाही. अडलं ते परताव्यात. २० तारखेला विकलेला माल २५ ला परत आला, तर क्रेडिट नोट (मूळ बिलातून रक्कम वजा करणारा कागद) जुन्याच दराने निघायला हवी. आमचा परतावा करगणकाला माल परत आल्याच्या दिवशीची तारीख देत होता. गाठ सोडवली होती खरी, पण विचारायला नको तिथेही करगणकाला विचारत होतो. आता परतावा मूळ बिलाच्या ओळीत साठवलेला दरच उचलतो.